अंड्यांच्या गिरणीतल्या बाराजणी

आमच्या माडांच्या वाडीत एका शनिवारी दुपारी बारा कोंबड्या आल्या, आणि त्यांतल्या एकीलाही चालता येत नव्हतं.

धर्मा गाडीवानाने बैलगाडीतून बांबूचे हारे उतरवले. मी एकेक कोंबडी दोन्ही हातांनी उचलून माडाखालच्या मातीवर ठेवली, आणि ठेवली तशी ती खाली बसली. थोड्या वेळाने परटाने धुणं आणून टाकावं तशी बारा पांढरी गाठोडी ओळीने पडली होती. वर मोकळं आभाळ, समोर अळूची पानं, पायाखाली मऊ माती, आणि या बाराजणी अशा चेहऱ्याने बसलेल्या, की जणू मी त्यांना मामलेदार कचेरीत आणलंय!

"चला गं," मी प्रेमाने म्हटलं. "मोकळ्या झालात आता!"

एकही हलली नाही.

"मोकळं म्हंजी काय, ते त्यांना काय ठावं?" धर्मा म्हणाला, आणि बैलांना हाकत निघून गेला. (तो इतकं शहाणपणाचं बोलेल अशी माझी अपेक्षा नव्हती, म्हणून मला त्याचा रागच आला.)

ही गोष्ट साठ-पासष्टच्या मधली. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. मी गिरगावात वाढलेली, लग्न होऊन अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधल्या एका गावात पडलेली, आणि तिथल्या शाळेत मास्तरीण. कोंबडीशी माझी ओळख पहिलीच्या पुस्तकातल्या चित्रापुरती. पण माझं शिक्षण गावात सगळ्यांत जास्त होतं, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे!

गावाबाहेरच्या माळावर मुंबईच्या एका शेठने पत्र्याची लांबलचक शेड घातली होती. आत तारेचे पिंजरे, एकावर एक असे तीन मजले. एकेका पिंजऱ्यात चार-चार पांढऱ्या विलायती कोंबड्या. त्यांना पंख पसरायला जागा नाही, पायाखाली माती नाही. अंडं घातलं की ते उतरत्या तारेवरून घरंगळत पुढच्या पन्हाळीत येई. गाव त्याला 'अंड्यांची गिरणी' म्हणे. मी चौथीची मुलं घेऊन ती बघायला गेले. मुलं अंडी बघत होती, मी कोंबड्या बघत होते. एकीने तारेतून मान बाहेर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. शाळा सुटायला दहा मिनिटं असताना माझी मुलं खिडकीबाहेर बघतात ना, अगदी तसं! त्या दिवसापासून माझ्या घशाखाली अंडं उतरेना.

महिन्याभराने कळलं, गिरणी बंद होतेय. कोंबड्या ट्रकमध्ये भरून मुंबईच्या बाजारात जाणार, म्हणजे सुऱ्याखाली. शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी मी तडक माळावर गेले. तिथल्या कारभाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई, ह्यांचं करणार काय? अंगावर मांस नाही, मानेवर पीस नाही."

"मी त्यांना वाडीत मोकळं सोडणार."

"सोडून मग काय करणार?"

"मग काय! नुसतं सोडणार!"

त्याने खांदे उडवले. "न्या हव्या तेवढ्या," म्हणाला. धर्माच्या गाडीत तीन हारे मावले, हाऱ्यात चार-चार मावल्या, म्हणून बारा. (गाडी मोठी असती तर मी सगळी गिरणी घरी आणली असती, आणि मग गावाने मला मुंबईला परत पाठवलं असतं!)

घरात मी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारायला होतं कोण? सासूबाई भावाकडे नागावला गेल्या होत्या, आणि हे अलिबागच्या कचेरीत कारकून, ते संध्याकाळी सायकलवरून येणार. आल्यावर सांगू, असं मी ठरवलं. आल्यावर सांगायची वेळच आली नाही. त्याआधी सगळ्या गावाला कळलं.

कारण कुंपणावरून जनाकाकीने डोकावून पाहिलं.

जनाकाकी आमची शेजारीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तिच्याकडे अठरा गावठी कोंबड्या आणि सुभेदार नावाचा एक तांबडाजर्द कोंबडा होता. त्यांची अंडी आणि पिल्लं रेवदंड्याच्या बाजारात विकायची आणि त्यावर जगायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

"काय गो मास्तरीण, बदकं आनलीस?"

"कोंबड्या आहेत काकी. गिरणीतल्या. सोडवून आणल्या."

"सोडवून? कोनी धरल्या व्हत्या?" असं म्हणून ती हसली. मग तिने नीट पाहिलं आणि हसू थांबलं. "ह्या उभ्या का रव्हत न्हाईत?"

"दमल्यात प्रवासाने."

"आनि तुरा असा पांढरा का? डोल्यावर पडलाय बघ. ही बघ, हिनं मान टाकलीय... आगो बाय माझे!" तिने तोंडावर हात ठेवला. "मानमोडी!"

मानमोडी म्हणजे कोंबड्यांची पटकी. एकीची मान वाकडी झाली की आठवड्याभरात आळी साफ. चार वर्षांपूर्वी ती गावात येऊन गेली होती, आणि जनाकाकीकडे तेव्हा एक पीससुद्धा उरलं नव्हतं. पुन्हा एका तरण्या तलंगीपासून तिने हा संसार उभा केला होता.

ती धावत सुटली. भर दुपारी तिने अठराच्या अठरा कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. त्यांच्या आरडाओरड्याने सगळी आळी बाहेर आली, आणि अर्ध्या तासात आमच्या कुंपणापलीकडे माणसांची भिंत उभी राहिली. पुढे गावचे पाटील, दामूतात्या. वाडीत पाऊल टाकायला मात्र कुणी तयार नाही!

"बाई," दामूतात्या लांबूनच म्हणाले, "गिरणी बंद का पडली?"

मी माळाच्या दिशेने पाहिलं.

एवढा साधा प्रश्न मला सुचलाच नव्हता! चौथीच्या पोराने विचारला असता. मी कोंबड्यांच्या डोळ्यांतलं दुःख पाहिलं, स्वातंत्र्याचा विचार केला. गिरणी का बंद पडली हे तेवढं विचारलं नाही.

"रोग पडला आसंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हनून तर शेठ पलाला!"

"आनि बाईनं हारं भरून तो गावात आनला!"

एक माणूस माळावर धावत जाऊन आला. शेडला कुलूप, ट्रक गेलेला, कारभारी गेलेला. आता मला उत्तर देणारं कुणी उरलं नव्हतं. मी बाराजणींकडे पाहिलं. उघड्या माना, पांढरे तुरे, मिटलेले डोळे. मला तोवर त्या दुःखी दिसत होत्या. आता त्या आजारी दिसायला लागल्या.

"गुरांच्या डॉक्टरांना आणते," मी म्हटलं. "ते सांगतील तसं करू."

दामूतात्यांनी विचार केला. "उद्या दुपारपर्यंत डॉक्टर आला तर ठीक. न्हाय तर बाराही मारून पुरायच्या, वर चुना टाकायचा. खड्डा सकालीच खनून ठेवतो."

जनाकाकी सगळ्यांच्या मागे उभी होती. जाताना कुंपणाशी आली. "मास्तरीण, मी तुज्याशी भांडत न्हाय गो. पर माजं दुसरं काय हाय?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तरं माझ्याकडे भरपूर होती.

इतकं होऊन ती वळते आहे, तोच तिच्या अंगणातून एक तांबडा लोळ उठला, कुंपणावरून उडाला, आणि थेट माझ्या बाराजणींच्या मधोमध उतरला. सुभेदार! अठराजणी कोंडल्या होत्या, पण हा माडाच्या झावळ्यांआड राहून गेला होता. त्याने पंख फडफडवले, मान ताठ केली आणि या नव्या बायकांची पाहणी करत गोल फेरी मारली. एकीनेही डोळा उघडला नाही. त्याच्या आयुष्यात असा अपमान झाला नसावा.

"सुभ्या! ये रे! ये माज्या राजा!" जनाकाकी ओरडली, आणि लगेच स्वतःच मागे सरली. "नको! येऊ नको! तितंच रव्ह!"

तो परत गेला असता तर त्याच्याबरोबर रोग गेला असता. म्हणजे आता तो माझ्याकडे. म्हणजे बारांच्या जागी तेरा. जनाकाकी पदराने डोळे पुसत घरात गेली, आणि मी तेराही जणांना उचलून मागच्या पडवीत कोंडलं. त्यातल्या एकाने मला चार ठिकाणी टोचलं. बाकीच्या बाराजणींत टोचण्याइतकीही ताकद नव्हती, आणि मला त्याचंच रडू आलं.

सासूबाई संध्याकाळी परतल्या त्या रस्त्यातच सगळं ऐकून. त्या काही बोलल्या नाहीत. (त्या बोलत नसत तेव्हा घरातली भांडीसुद्धा आवाज न करता राहत.) सरळ मागच्या पडवीत गेल्या, एक कोंबडी उचलून मांडीवर घेतली, तिचा पाय धरला आणि उजेडात पाहिला.

"शिकल्यालं मानूस!" त्या म्हणाल्या. "हिची नखं बघितलीस?"

मी पाहिली. विळ्यासारखी लांब आणि वाकडी, एकमेकांत अडकलेली! तारेवर राहून ती कधी झिजलीच नव्हती. उभं राहणार कशावर?

"अडकित्ता आन."

"आई, तुमचा? सुपारीचा?"

"मग काय गावचा मागू?"

आणि सासूबाईंनी माहेरून आणलेल्या पितळी अडकित्त्याने एकेकीची नखं कातरली. मी कोंबडी धरायची, त्या कातरायच्या. बाराव्या कोंबडीची नखं कातरून झाली. मग त्या म्हणाल्या, "मानमोडी आसली तर मातुर जनीला तोंड दाखवायची सोय न्हाय. माज्या लग्नापासनं शेजारीन हाय ती."

तेवढ्यात हे आले. सायकल लावता लावता विचारते झाले, "आपल्या घरात कोंबडा का आरवतोय?"

त्यांनी पडवीचं दार उघडलं, तेरा जणांकडे पाहिलं, आईच्या हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"अहो," मी म्हटलं, "उद्या पहाटे अलिबागला जाऊन गुरांच्या डॉक्टरांना आणायचंय."

"मी आत्ताच अलिबागहून आलोय."

"म्हणून तर. रस्ता तुमच्या पायाखालचा आहे."

रविवारी पहाटे हे गेले. आठच्या सुमारास निरोप आला की डॉक्टर पोयनाडला कुणाच्या बैलाकडे गेलेत आणि हे त्यांच्यामागे पोयनाडला निघालेत. इकडे आमच्या वाडीच्या टोकाला दोन माणसं मुकाट्याने खड्डा खणत होती. शेजारी चुन्याचं पोतं. कुदळीचा एकेक घाव माझ्या छातीत बसत होता.

सासूबाई म्हणाल्या, "मी देवलात गाऱ्हानं घालून येते. तू ह्यांना जरा उन्हात सोड. मरायचंच आसंल तर उजेडात मरूंदे."

मी त्यांना बाहेर सोडलं, आणि एक चमत्कार झाला. पहिली कोंबडी उभी राहिली! तिने एक पाय असा उंच उचलला, जशी काही पाण्यातून चाललीय, आणि टेकला. मग दुसरा. मग ती पडली. पण पुन्हा उठली! मी टाळ्या वाजवल्या. खड्डा खणणाऱ्यांनी वर पाहिलं आणि मान हलवली. मी तांदळाची कणी पसरली आणि आत भाकऱ्या टाकायला गेले. अर्धा तास गेला असेल.

बाहेर आले, आणि माझ्या हातातली परात खाली पडली.

साऱ्याजणी आडव्या झाल्या होत्या. कुशीवर, उताण्या, वेड्यावाकड्या. कुणाचा पाय मागे ताणलेला, कुणाचा पंख पंख्यासारखा उलगडून मातीत पसरलेला, माना पिळवटलेल्या, चोची उघड्या, डोळे मिटलेले. आणि त्यांच्या मधोमध, एक पंख पसरून, मान मातीत टाकून, सुभेदार!

मी जवळ गेलेच नाही. माझ्यात ती हिंमतच नव्हती. डोळ्यांपुढे फक्त जनाकाकी होती. हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये, एवढं एकच मनात आलं, आणि मी तशीच पिठाच्या हातांनी, रडत, आळीतून धावत सुटले.

"गेल्या! गेल्या हो! गेल्या!"

आता मराठी ही किती आदरशील भाषा आहे पाहा. मला म्हणायचं होतं, बारा कोंबड्या गेल्या. पण सून रडत रस्त्याने 'गेल्या, गेल्या' म्हणत धावली, तर गावाने काय समजावं?

"आगो, म्हातारी गेली!"

"कवा? काल तर नागावास्नं चालत आली!"

"पोरीनं रोग आनला, सासूला लागला!"

मी जनाकाकीच्या दारात पोचेपर्यंत माझ्यामागे निम्मी आळी तोंडाला पदर लावून आमच्या घराकडे निघाली होती. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी जनाकाकीपुढे उभी राहिले आणि कसंबसं म्हटलं, "काकी, सगळ्या गेल्या. आणि... सुभेदारही."

ती उंबऱ्यावर बसली. खुराड्याकडे पाहिलं, आतल्या अठराजणी कुरकुरत होत्या. तो क्षण मला आजही आठवतो. विनोदी गोष्टीत अशी जागा असू नये, पण ती होती. मग ती गुडघ्यांवर हात रोवून उठली.

"माजा सुभ्या मी पुरीन. दुसऱ्या कोनी हात लावायचा न्हाय."

आम्ही दोघी घरी आलो तर अंगणात ही गर्दी! बायका गळा काढून रडत होत्या, दामूतात्या टोपी काढून उभे होते. मला वाटलं, काय हे प्रेमळ गाव! बारा परक्या कोंबड्यांसाठी सगळे जमले! आणि त्याच क्षणी देवळाकडून सासूबाई आल्या, हातात प्रसादाचा नारळ. आपल्या दारात रडारड पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोन गेलं?" त्या किंचाळल्या. "माजा बाबू का? सायकलवरनं पडला का गो?"

रडणाऱ्या बायकांनी पदर बाजूला करून पाहिलं. मयत स्वतः हातात नारळ घेऊन चौकशी करत होती! दोघीतिघी 'अगाई' म्हणून मागच्या मागे सरल्या. एकीने तर हात जोडले.

"म्हातारी हितं हाय, मग गेलं कोन?" दामूतात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"कोंबड्या," मी हुंदका देत म्हटलं.

या सगळ्यात जनाकाकी कुणाकडे न बघता मागे गेली होती. आम्ही तिच्यामागे गेलो. ती सुभेदाराजवळ गुडघे टेकून बसली आणि त्याच्या मानेवरून हात फिरवला.

सुभेदाराने एक डोळा उघडला. तिच्या बोटाला टोचलं. उठला, अंग असं झाडलं की धुळीचा ढगच झाला, आणि त्या ढगातून गाव हादरेल अशी बांग दिली!

त्यासरशी बाराही मयतं उठली आणि केकाटत पळत सुटली. पळत! माणसांच्या पायांतून, दामूतात्यांच्या धोतरावरून, अळूच्या वाफ्यातून. कालपर्यंत जिला उभं राहता येत नव्हतं, ती चुन्याच्या पोत्यावर चढून बसली.

जनाकाकी तशीच मातीत बसून होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ती हसत होती; हसता हसता तिला बोलवेना.

"मास्तरीणबाय... आगो, धुलीत लोलत व्हत्या त्या! ऊन खात व्हत्या! कोंबडी धुलीनं आंघोल करते, ठावं न्हाय तुला? जल्मात पयल्यांदा माती मिलाली त्यांना, सुस्तावल्या बापड्या!"

याच क्षणी आमचे हे सायकलवर डॉक्टरांना मागे बसवून आले. कोपऱ्यावर त्यांना कुणीतरी 'आई गेली' म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ते वाडीत वाऱ्यासारखे घुसले, समोर आई नारळ घेऊन उभी दिसली, त्यांनी करकचून ब्रेक दाबला, आणि डॉक्टर पिशवीसकट उडून खड्ड्यात पडले. (खड्ड्याचा काहीतरी उपयोग झाला, याचं खणणाऱ्यांना समाधान वाटलं.)

डॉक्टर वर आले, धोतर झटकलं, दोन कोंबड्या पकडून डोळे, चोच, पंखांखाली पाहिलं.

"रोगबिग काही नाही," ते म्हणाले. "ऊन मिळालेलं नाही, एवढंच. मानेची पिसं तारेला घासून गेलीत, ती येतील."

"मग गिरनी का बंद पडली?" दामूतात्यांनी शेवटची शंका काढली.

"मुंबईला जाणाऱ्या रेवसच्या लाँचपर्यंत पोचताना त्या रस्त्यावर निम्मी अंडी फुटायची, म्हणून! मी आत्ता त्याच रस्त्याने आलोय. माझी हाडं विचारा!"

सासूबाईंनी नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. स्वतःच्या मयताला आलेल्यांना स्वतः प्रसाद वाटणारी बाई गावाने पुन्हा पाहिली नाही. जनाकाकीने सुभेदाराला काखेत घेतलं आणि निघाली, पण तो संध्याकाळी परत कुंपणावरून आमच्याकडे आला, आणि दुसऱ्या दिवशीही. शेवटी तिने आणि सासूबाईंनी मिळून कुंपणाला मधोमध वाट पाडली. बाराजणींची पिसं भरली, तुरे लाल झाले, आणि त्यांनी सासूबाईंचा अळू, पडवळ, मिरच्या असा सगळा वाफा उकरून टाकला. त्या रोज शिव्या देत आणि रोज स्वतःच्या ताटातला भात त्यांना टाकत.

माझ्या शिक्षणाचा धाक मात्र गावातून कायमचा गेला. कुणी पारावर जरा आडवा झाला की लोक म्हणायचे, "मास्तरीणबाईंना दाखवू नका रे!" आणि आमचे हे? आता ऐंशीच्या घरात आलेत. दुपारी जेवून पडवीत आडवे होण्याआधी मला न चुकता हाक मारतात.

"अगं ऐकलंस का? नुसता झोपतोय हां मी. गावाला सांगू नकोस!"